मॉक ड्रिल, फ्लॅट नंबर ६०३

९ नोव्हेंबर, रविवार
सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवर भाषण. पालक अकरा, समोसे साठ. गेममध्ये आणि चॅटवर मोठी माणसं आपण लहान असल्याचं भासवून मुलांशी ओळख कशी वाढवतात, ते बाईंनी छान समजावलं. म्हणाल्या, घाबरल्यावर ज्याला जाऊन सांगता येईल असं एक तरी मोठं माणूस प्रत्येक मुलाकडे हवं. मी लगेच हात वर करून सांगितलं की आमच्या स्वरदाचं ते माणूस मी. स्वरदा (वय बारा) तेव्हा खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती.

घरी येऊन बायकोला, जान्हवीला, विचारलं, बरोबर ना? ती म्हणाली, मला काय विचारतोस, पोरीला विचार. पोरगी मान वर न करता हो बाबा म्हणाली. तोंडी का होईना, पुरावा मिळाला.

तरी मी एकोणीस वर्षं फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे. भिंतीवर सूचना चिकटवली म्हणून आगीत माणूस नीट बाहेर पडतो असं नाही. मॉक ड्रिल घ्यावं लागतं, आणि तेही न सांगता.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: आजचा धडा, क्रमांक ५२, मुलांचे मित्र बना. पाच अंगठे आले. (क्रमांक ५१ स्वरदा सायकलवरून पडली त्याचा होता, फोटोसकट. त्याला बावीस.)

१० नोव्हेंबर, सोमवार. लंच टाइम
ती खेळते त्याच गेममध्ये अकाउंट उघडलं. प्रत्येकाने आपलं बेट बांधायचं आणि दुसऱ्याच्या बेटावर जाऊन गप्पा मारायच्या, असा गेम. नाव शौनक, वय तेरा, राहणार विलेपार्ले. वय टाकताना कोणी काही विचारलं नाही. ही सिस्टीममधली गंभीर त्रुटी. नोंद केली.

ड्रिलचा निकष: अनोळखी मुलगा बोलायला आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत स्वरदाने येऊन मला सांगायचं. सांगितलं की मी हसून सगळं उघड करणार आणि तिघांनी आइस्क्रीम खायला जायचं.

११ नोव्हेंबर
चौदा वेळा समुद्रात पडलो. स्टोअरमधल्या चंद्रप्रकाशने शेवटी उडीचं बटण दाखवलं. म्हणाला, साहेब, कोणत्या डिपार्टमेंटचं काम आहे हे? गोपनीय आहे, म्हणालो.

संध्याकाळी बेट सापडलं. नमस्कार, असं लिहिलं. ती ऑफलाइन गेली. ड्रिलची सुरुवात उत्तम.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बोलली! जेवलीस का, असं विचारलं. हो म्हणाली, तू? दोन पोळ्या आणि फ्लॉवर, असं लिहिलं. माझ्या डब्यातपण फ्लॉवर, म्हणाली. डबा एकाच घरातला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पुढच्या वेळी भेंडी.

तू मराठी अक्षरात टाइप का करतोस आणि प्रत्येक वाक्याला फुलस्टॉप का देतोस, असंही विचारलं. आमच्या शाळेत शिस्त आहे, असं कळवलं.

संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद करून तिच्याशेजारी बसलो, तिला सांगायची संधी मिळावी म्हणून. बाबा, तुला बरं नाहीये का, असं तिने विचारलं. बाकी काही नाही. मुदत एक आठवडा वाढवली. घाईघाईने काढलेला निकाल चुकतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
असली माणसं पायरीपायरीने काय करतात, ते नेटवर वाचून चेकलिस्ट बनवली. आधी चौकशी, मग कौतुक, मग आईबापांविषयी कुरकुर, मग हे आपल्या दोघांतच ठेव, मग शाळा, पत्ता, फोटो. ड्रिल करायचं तर खऱ्यासारखंच करायला हवं. धूर न करता आगीचं ड्रिल घेण्यात अर्थ नाही.

पायरी दोन झाली. तिने बांधलेल्या घराचं कौतुक केलं. पायरी तीन: तुझे बाबा कडक आहेत का? उत्तर आलं, कडक नाहीत, पण ऐकत नाहीत, नुसते बोलतात.

हा मुद्दा ड्रिलच्या कक्षेत येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पाऊण तास गप्पा. तिला डान्स क्लास आवडत नाही. मानसी तिच्याशी तीन आठवडे बोलत नाहीये आणि डबा खायला दुसरीकडे बसते. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी बेडरूममध्ये, ती हॉलमध्ये, मधे एक भिंत. तिने लिहिलं की तुझ्याशी बोलून बरं वाटतं. मला भरून आलं. गणपतीपासून ती माझ्याशी सगळं मिळूनही इतकं बोललेली नाही. ड्रिल यशस्वी होतंय असंच म्हणायला हवं.

जेवताना सहज विचारलं, मानसी कशी आहे? तिचा घास हातातच राहिला. मानसीची आई स्टेशनजवळ भेटली होती, असं सांगून वेळ मारून नेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
फॅक्टरीत अचानक इन्स्पेक्शन. दोन फायर एक्स्टिंग्विशरची तारीख सप्टेंबरातच संपलेली निघाली. इन्स्पेक्टर आला तेव्हा मी स्वरदाच्या बेटावर पूल बांधत होतो. मॅनेजर जे बोलले ते इथे लिहीत नाही. मोठ्या कामात थोडं इकडेतिकडे होणारच.

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ
पायरी चार. हे आपल्या दोघांतच ठेव, असं लिहिलं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. लगेच पायरी पाच, म्हणजे थांबायला वेळच नको: तुझी शाळा कोणती?

मग मोठा मेसेज. दोनदा वाचला. तरी इथे लिहून ठेवतो.

तिने लिहिलं की तूपण त्याच्यासारखाच बोलतोस. मे महिन्यात एक जण आला होता, चौदा वर्षांचा आहे म्हणायचा. त्यानेही आधी जेवणाचं विचारलं, मग बाबांचं, मग कोणाला सांगू नकोस म्हणाला, मग फोटो मागायला लागला. नाही म्हटल्यावर धमक्या द्यायचा. मला तीन आठवडे झोप नव्हती. मग मावशीला सांगितलं. मावशीने आणि आईने तक्रार केली. आता मला कळतं.

बाबांना का नाही सांगितलंस, असं मी टाइप केलं. फुलस्टॉपसकट.

उत्तर आलं: बाबा ग्रुपवर टाकतात.

मग ब्लॉक.

१९ नोव्हेंबर, पुन्हा
या डायरीतली मेची पानं काढली. तेरा मेला लिहिलंय: स्वरदा हल्ली गप्प असते. वाढीचं वय. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बदलून घेणे.

एकोणीस मे: झाकण बदललं. आजचा धडा, क्रमांक ४४.

स्वरदाचं पुढे काहीच नाही. माझी पोर शेजारच्या खोलीत घाबरून जागी होती आणि मी झाकणाचे फोटो काढत होतो.

२० नोव्हेंबर
जान्हवीला विचारायचं होतं. मेमध्ये नक्की काय झालं, पोरीने काय सोसलं, तो माणूस सापडला का. पण हे तुला कोणी सांगितलं, असं ती विचारणार. तीन वेळा किचनमध्ये गेलो. तीन वेळा पाणी पिऊन आलो.

संध्याकाळी नवीन अकाउंट उघडलं. श्रुतिका, वय बारा. फक्त सॉरी म्हणण्यासाठी. रिक्वेस्ट घेतली नाही. शाब्बास, असं तोंडातून निघालं आणि मग बाथरूमचा नळ सोडून आत बसून राहिलो.

२१ नोव्हेंबर
ग्रुपवरचे सगळे धडे डिलीट करायला घेतले. जुने मेसेज सगळ्यांकडून डिलीट होत नाहीत. हर्षदकाका, काय झालं, बरे आहात ना, म्हणून चौथ्या मजल्यावरची माधुरी विचारून गेली. बरा आहे म्हणालो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
जान्हवीने डायनिंग टेबलावर प्रिंटआउट ठेवले. म्हणाली, स्वरदाला पुन्हा एकाने गाठलंय, पण या वेळी पोरीने लगेच सांगितलं, सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवले. सोमवारी श्वेताबरोबर पोलिसांत जातोय. तुला आता सांगतेय, पण शपथ घे, ग्रुपवर एक अक्षर टाकणार नाहीस. शपथ घेतली.

श्वेतामावशीचं म्हणणं, भाषेवरून माणूस पन्नाशीच्या पुढचा वाटतो आणि एकदम विकृत आहे. मी शेहेचाळीसचा आहे, असं म्हणणार होतो. पानं उलटून बघितली. एकेक वाक्य माझं, पण कागदावर वाचताना मलाही त्या माणसाची भीती वाटली.

पोलिसांत जाऊ नका, म्हणालो. जान्हवी भडकली. अब्रूची पडलीय का तुला, म्हणाली. मग सांगितलं.

ती खुर्चीत बसली. प्रिंटआउट एकावर एक रचले आणि म्हणाली, तिला तू सांगायचं. मी नाही सांगणार.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी अकरा
सांगितलं. सोफ्यावर बसून, जान्हवीसमोर. ड्रिल म्हणजे काय, न सांगता का घेतात, सगळं. ती पास झाली, अगदी नीट वागली, हेही सांगितलं. मग माझी वाक्यं संपली. चुकलो म्हणालो.

स्वरदा उशीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली. मग विचारलं, बाबा, मेमधला तो, तोपण तूच होतास का?

नाही म्हणालो. आईशपथ नाही म्हणालो. तीनदा म्हणालो.

तिने आईकडे बघितलं. जान्हवीने नाही म्हणून मान हलवली, पण त्याआधी एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं.