झाकणाची बरणी

३ मार्च, सोमवार
डासांची तपासणी करणारे दोघे दारात! तुळशीच्या ताटलीत पाणी साचलेलं. इथे परदेशात त्यालाही दंड होतो. मुलाच्या घरी पाहुणा, आणि वर त्याला दंड भरायला लावायचा? पण ते भले निघाले. ताटली उपडी केली, "अंकल, पाणी साचू देऊ नका" म्हणून गेले. तरी तुळस लगेच खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना देऊन टाकली. बायको, मीरा, गेल्यापासून रोज तुळशीला पाणी मीच घालत होतो. पण धास्ती नको.

५ मार्च, बुधवार
क्षिप्राने काचेची मोठी बरणी आणली. म्हणाली, "बाबा, यात झाडं लावू. झाकण लावलं की आतलंच पाणी आत फिरतं. डास नाहीत, काळजी नाही."
फार चांगली सून. मला तर हेच हवं होतं. बावीस तारखेचं माझं साताऱ्याला परत जायचं तिकीट. मागे कुणाला पाणी घालायचा त्रास नको. "आणखी राहा ना," दोघं म्हणतात खरं. पण म्हणावंच लागतं.

९ मार्च, रविवार
आज बरणी भरली. खाली खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग माती, शेवाळ, इवलाली झाडं. हात आत जाईना. नातीने, गार्गीने, चॉपस्टिक दिल्या. त्यांनी भात कधी खाता आला नाही, शेवाळ मात्र बसवलं!
मुलगा मुकुल म्हणाला, "सातवीत शाळा सोडलीत, नाहीतर शास्त्रज्ञ झाला असता."
क्षिप्रा — "झालेतच की! काचेला नाक लावून बसलेत बघ."
खूप हसलो.

१३ मार्च, गुरुवार
काच आतून फार घामेजते. असंच असतं का? कुणाला विचारू?

१५ मार्च, शनिवार
शेवाळ काळं पडलं. वास येतो. गार्गीने सकाळी मला तांब्यासकट पकडलं. "आजोबा, कॅनॉट लाह, असं नाही करायचं! क्लोज्ड आहे ना ते!"
काय करू! अंघोळ झाली की तांब्या हातात येतो. झाकण काढून रोज घालत होतो. सगळं सडलं. क्षिप्रा बरणी उचलून आत घेऊन गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च, सोमवार
बॅग भरली. तक्रार कशाची करू? क्षिप्रा ऑफिसातून रोज फोन करते — जेवलात का? मुकुलने गुडघा दाखवून आणला. गार्गी खाली बाजारात माझा हात धरून चालते, मैत्रिणी बघत असल्या तरी. पुष्कळ मिळालं. आता निघावं.

१९ मार्च, बुधवार
खिडकीत काचेचं पसरट भांडं. नवीन माती, नवीन शेवाळ, मधोमध तुळशीचं रोपटं — तमिळ बाईंकडून मागून आणलेलं.
"याचं झाकण कुठंय?"
"याला नाही झाकण," क्षिप्रा म्हणाली. "रोज पाणी लागतं. चमचाभर. तांब्या नाही हं, बाबा!"
मग डबा भरता भरता, माझ्याकडे न बघता — "आम्ही तिघं सकाळी पळत सुटतो. बावीसनंतर कोण घालणार, तुम्हीच सांगा."
मी बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

२२ मार्च, शनिवार
अंघोळ झाली. चमचाभर पाणी घातलं.