तबकड्यांचा विमा

६ नोव्हेंबर १९९१
आग! मागच्या सुताच्या गोदामाला. भर दुपारी. कुणाचं तरी दिवाळीचं रॉकेट पडलं आन् सूत पेटलं. लोक गाद्या, भांडी बाहेर काढत होते, मी माझ्या गाण्याच्या तबकड्या काढल्या. कमळी ओरडत होती — "आवो, आधी गॅसची टाकी काढा!" टाकी तिनंच काढली. बंब आला तवा आग आमच्या भिंतीपासून तीन हातांवर होती.

चारशे बारा तबकड्या. मोजल्या. एक फुटली न्हाय.

७ नोव्हेंबर
हरी आला. शेजारच्या मास्तरांचा थोरला, विम्याचा एजंट. आगीचा वास आला की ही माणसं हजर! म्हणतो, "काका, काढून टाका विमा. आग, पूर, चोरी, दंगल, सगळं त्यात येतं." म्हटलं, मग चौऱ्याऐंशीच्या दंगलीत कुठं झोपला होतास? हसला. ह्यांना हसायचा पगार मिळतो.

पण खरं सांगायचं तर रात्री झोप न्हाय लागली. चाळीस वर्षं जॉबरकी केली. लोकांचे लूम दुरुस्त करून एकेक तबकडी जमवली. दारू न्हाय, विडी न्हाय. दुसरं हाय काय माझ्याकडं? म्हटलं, आण तुझा फॉर्म.

त्यात एक ओळ — मशीन व सर्व वस्तू चालू स्थितीत आहेत. खाली सही. म्हटलं थांब, आधी वाजवून बघू. मशीनवर भजनाची तबकडी लावली. पेटी हाय, पखवाज हाय, बुवा हाय — टाळ न्हाईत! अख्ख्या भजनात टाळ न्हाईत! हरी मान डोलवतोय, "छान वाजतंय की, काका." ह्याला काय कळतं!

सही न्हाय केली. खारबावच्या सावळारामनं बंद पंप चालू म्हणून लिहून दिला होता. पुरात गेला तवा विमावाल्यांनी हात वर केले. मशीन आधी दुरुस्त होईल, मग सही.

९ नोव्हेंबर
सुई बदलली. तेच.

१२ नोव्हेंबर
मशीन हातगाडीवर घालून शकूरच्या दुकानात नेलं. रेडिओ दुरुस्तीत भिवंडीत त्याचं नाव हाय म्हणे! "चाचा, वॉल्व बदल दिया. एकदम टिपटॉप." घरी आणून लावलं — टाळ न्हाईत! तसाच माघारी. म्हटलं, हे टिपटॉप? तिथं लावून दाखवलं. म्हणतो, "चाचा, पूरा मोहल्ला सुन रहा है!" मोहल्ल्याचं काय घेऊन बसलास? मला ऐकव! हल्लीची कामंच अशी. पैसे घ्यायचे आन् वर दात काढायचे.

१५ नोव्हेंबर
शुक्रवार. लूम बंद, गल्ली गार. म्हटलं आज नीट कळेल. बटण पार टोकाला नेलं. शेजारची मैना धावत आली — तान्हं उठलं म्हणून. तिचं तान्हं उठलं तर मी काय करू! कमळी म्हणते, "टाळ वाजतायत की, आवो. खणखण वाजतायत." म्हटलं, तू पण हरीला सामील झालीस? पुढं काय पुटपुटली कळलं न्हाय. मोठ्यानं बोल म्हटलं, तर उलटी तीच चिडली — "मघाधरनं ओरडतेच हाय!"

सगळे मला येड्यात काढायला बसलेत.

१९ नोव्हेंबर
हरीनं धाडलेला विम्याचा साहेब आला, तपासणीला. बूट घालूनच आत. तबकड्या वरवर बघून म्हणाला, "ह्या आता बाजारात मिळतात का?"
"न्हाय मिळत."
"मग किंमत कशी धरायची? जुना माल भंगारात धरतात."
भंगार! कमळीनं माझा हात धरला म्हणून वाचला. मग मशीन लावलं, तर कानांवर हात ठेवून उभा. जाताना कागदावर लिहून गेला — मशीन उत्तम. खोटारडा! ह्यांना विमा विकायचाय, मशीन बिघडलेलं असलं तरी चालतंय.

२१ नोव्हेंबर
शकूरशी कायमचं तोडलं. तिसऱ्या खेपेला गेलो तर मशीन उघडलंच न्हाय त्यानं. जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आन् तोंड माझ्या तोंडासमोर आणून म्हणाला, "मशीन नहीं चाचा, कान दिखाओ. लूमवालों का सबका यही है."

मला! पन्नास लूम चालू असताना मी डोळे मिटून सांगायचो, कुठल्या लूमचा धोटा अडकणार हाय ते. शेठ परगावच्या पाहुण्यांना दाखवायचा माझा कान! आन् हा कालचा पोरटा मला शिकवतो. हातगाडीवाल्याला म्हटलं, उचल.

कमळीला सांगितलं न्हाय.

२२ नोव्हेंबर
एकदाचा निकाल लावायचा म्हणून तीच तबकडी टॉवेलात गुंडाळून खारबावला गेलो. सावळारामकडं माझ्यापेक्षा नवं मशीन हाय. त्याच्याकडं टाळ वाजले की शकूरच्या दुकानात जाऊन चार माणसांसमोर त्याचं तोंड बंद करणार होतो.

सावळाराम म्हणाला, "काय रं केसऱ्या, विमा काढतोस म्हणं? माझा पंप बुडाला त्यावर तर तू गावभर हसला व्हतास!" म्हटलं, गप, आधी तबकडी लाव.

लावली. पेटी आली. पखवाज आला. बुवा आले.

टाळ न्हाईत.

म्हणणार होतो, तुझं पण बिघडलं काय रं. तोंड उघडलं, आन् त्याच्या हाताकडं लक्ष गेलं. डोळे मिटून बसला होता, दोन बोटं मांडीवर आपटत. मला ऐकू येत नव्हते, त्या टाळांचीच ती लय होती. मध्येच दुगण धरली त्यानं, बुवांनी सूर वर चढवला तिथंच बरोबर. बोटं चुकली न्हाईत.

तबकडी संपेस्तोवर त्याच्या बोटांकडंच बघत बसलो. चहा न घेता निघालो. "काय झालं रं?" असं काहीतरी मागनं ओरडला. मला नीट कळलं न्हाय.

२५ नोव्हेंबर
मशीन लावलं न्हाय. कमळीनं दोनदा विचारलं. तिच्यावर ओरडलो. मग तिचं तोंड बघितलं.

२९ नोव्हेंबर
हरीला बोलावून नवा फॉर्म मागितला. मालकाचं नाव — कमळा केसरीनाथ पाटील. हरी म्हणतो, "काका, चुकलं का?" म्हटलं, न्हाय. कमळीला म्हटलं, मशीन चालू हाय का ते तू ऐक, मग सही कर. तिनं तबकडीच्या दोन्ही बाजू ऐकल्या, मग केली.