मुठीतलं लोखंड

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी नेमकं काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. गोंदियाच्या एका दवाखान्यात डोक्याच्या आतले फोटो काढणारं मोठं यंत्र आहे. आजाऱ्यांची गर्दी ओसरली की तिथे मेंदूवर संशोधन चालतं, आणि ते करणाऱ्या पोरापोरींना मी शिकवते. फोटो कसा काढायचा हे शिकवणारे दुसरे आहेत, मी त्यांना भ्यायला शिकवते. ते यंत्र म्हणजे भलंमोठं लोहचुंबक, आणि ते कधीच बंद नसतं. कात्री नाही तर खिळा घेऊन कोणी आत गेलं, तर तो हातातून सुटून थेट आत झोपलेल्या माणसावर जातो. आजारी माणूस निदान स्वतःच्या गरजेपोटी तिथे झोपतो. संशोधनाला येणारी माणसं धडधाकट असतात, ती आमच्या गरजेपोटी येतात. त्यांच्यातल्या एकाला जरी काही झालं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, हे मी दर वर्गात सांगते. पोरं मला माघारी डरपोक मॅडम म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

काल दरेकशाकडची एक बाई गाडीने आली. झोप न लागणाऱ्या बायांच्या मेंदूचं काम सुरू आहे, त्यासाठी. माझ्या विद्यार्थिनीने तिला सगळं विचारलं. अंगावर लोखंड आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, ऑपरेशन झालं का. बाई सगळ्याला "काही नाई, काही नाई" म्हणत गेली, पण तिचा हात कमरेवर गेला तो तिथेच राहिला. मला तू आठवलीस. बिरसी गावच्या आपल्या घरात तू चुलीपुढे बसली आहेस, घोड्याच्या नालेचा तुकडा काळ्या चिंधीत शिवून माझ्या करदोड्याला बांधते आहेस. मी विचारते, "काऊन बांधून राहिली?" तू दाताने दोरा तोडतेस. "कोणाले सांगू नोको. सांगतलं का त्याचा गुण उतरते." तरी मी तो शाळेत मैत्रिणींना दाखवला, आणि तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की बापही मधे पडला नाही. आपल्याकडच्या बायांना म्हणूनच नुसतं विचारून भागत नाही. त्या खोटं बोलत नसतात, जपत असतात.

मी तिला पडद्याआड नेलं. म्हटलं, "काय हाये ते सांगू नका, नुसतं काढून ठेवा. अन् नसन काढाचं तर तसंच घरी जा. कोणी काही म्हणणार नाई." मग पाठ फिरवून तिने काळी पुरचुंडी सोडली, पण ती कपाटात ठेवेना. "भुईवर नाई ठेवाचं, बंद बी नाई कराचं. बाईमाणसाच्या हाती पायजे. तुम्हीच धरा." मी धरली. मी दाराबाहेर उभी राहीन, विद्यार्थिनी सगळं बघेल, बिघडलं काय? पुरचुंडीत लोखंड होतं हे हाताला कळत होतं.

यंत्र धडधडू लागलं. काचेतून मला तिचे पाय तेवढे दिसत होते. मग घंटी वाजली. आतल्या माणसाच्या हातात आम्ही रबरी फुगा देतो, भीती वाटली तर तो दाबायचा. आणि मी धावले, माय. धावायचं नाही, आधी आपले हात बघायचे, हे इतकी वर्षं शिकवणारी मी मूठ तशीच आवळून दाराकडे धावले. विद्यार्थिनी आडवी झाली. "मॅडम, रुको! हाथ में क्या है?" मी माझ्या मुठीकडे बघितलं आणि दारापासून मागे सरले. ती एकटी आत गेली. थोडंच राहिलंय, जरा कळ काढा, असलं काही न म्हणता, फोटो अर्धा टाकून तिने बाईला बाहेर आणलं. बाईला काही झालं नव्हतं, जीव घाबरला होता एवढंच. तिने माझ्या हातातून आपली पुरचुंडी घेतली. "बाई, तुमच्या हाताले एवढा घाम काऊन?"

"गरम होऊन राहिलं," मी म्हटलं. तिथे इतकं गार असतं की आम्ही बायांना पांघरूण देतो.

आज वर्गात मी सगळं सांगितलं. संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीलाही कळवलं. कोणी हसलं नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. आता राहिली ती बाई. तिला सांगायला हवं, तो तिचा हक्क आहे, हेही मीच शिकवते. उद्या विद्यार्थिनीला घेऊन तिच्या गावाला जायचं आहे. जे लोखंड तुम्हाला राखायला बांधलं होतं, तेच घेऊन मी तुमच्या अंगावर येत होते, हे कोणत्या तोंडाने सांगू? ती शिव्या देईल, पुन्हा कधी येणार नाही, ते मी सोशीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. एवढं शिकून मला भीती वाटते ती वेगळीच. माझं ऐकून ती तो ताईत नाल्यात फेकून देईल, आणि तिच्याजवळ मग काहीच राहणार नाही.