बाबांची गाडी उशिरा वळते

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समज. कंबर धरली आहे, खाली वाकलो तर उठवायला माणूस लागेल.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं कमी झालं, की तू अजून हॉलमध्येच झोपतेस? आम्ही सगळे बरे आहोत. तू पाठवलेला टीव्ही फार छान आहे, एवढंच कळवायला हे पत्र लिहितोय. फोनच केला असता, पण मी फोन हातात घेतला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. कानच तेवढे शाबूत राहिले, असं हल्ली ते स्वतःच म्हणतात. का म्हणतात, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

टीव्ही आला त्या दिवशी घरात नुसता आनंदीआनंद होता. भिंतीवर चढवल्यावर भिंत फारशी उरलीच नाही. बातम्या देणाऱ्या बाईंच्या नाकावर पावडर नीट बसलेली नाही, हेसुद्धा आता आम्हाला दिसतं. जुना ठोकळा लगेच भंगारवाल्याला देऊन टाकला (तो नेताना त्याने असा चेहरा केला, की मीच त्याला हमाली द्यायची की काय असं वाटलं). मग बाबांनी तुझ्या लेकाने इथे टाकून दिलेला गेमचा डबा नव्या टीव्हीला जोडायला लावला. तुला ठाऊकच आहे, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले आपले वडील चहा झाला की पडद्यावरच्या गाड्यांची शर्यत खेळतात, मला हरवतात आणि मग वळणावर ब्रेक कधी मारायचा यावर व्याख्यान देतात. मी ऐकून घेतो. वर्षानुवर्षं ऐकून घेतोय.

तर नव्या टीव्हीवर पहिल्याच वळणाला बाबांची गाडी कठडा तोडून समुद्रात गेली. दुसऱ्या वळणाला प्रेक्षकांत. बाबा बटण वेळेवर दाबत होते, पण गाडी जरा विचार करून, कुणाला तरी विचारून आल्यासारखी वळत होती. मीही धडाधड आदळत होतो, पण मी नेहमीच आदळतो, त्यामुळे माझ्यावरून कुणालाच काही बोध झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाबा आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डोळे ठीक. मग आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. त्यातलं उत्तम बाबांनी तिथेच ठेवलं आणि वयाच्या मानाने तेवढं घरी घेऊन आले.

शेवटी छडा लावला तुझ्या भावजयीने. ती शेंगा सोलत बसली होती, पडद्याकडे बघतही नव्हती. बटणाचा खटका आधी ऐकू येतो आणि गाडी मागाहून करकरते, हे तिच्या ध्यानात आलं. (मी समोर डोळे फाडून बसलो होतो. मला विचारू नकोस.) तिने टीव्हीचं माहितीपुस्तक काढलं. झालंय असं, की हा टीव्ही चित्र आलं तसं दाखवत नाही. आधी त्याचं तोंड धुतो, भांग पाडतो, मग बाहेर सोडतो. सिनेमाला चालतं, कारण सिनेमा कुणी बटण दाबून वळवत नाही. गेममध्ये तेवढ्यात माणूस समुद्रात. त्यावर गेम मोड नावाचा उपाय आहे, तो चित्राच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी दडवला होता. तिने तो सुरू केला, आणि मला वाटलं, सुटलो.

पण बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं, तिच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "पोरी, गाडी ठोकून आलेला प्रत्येक नवा ड्रायव्हर मला हेच सांगायचा. ब्रेक उशिरा लागला म्हणून."

संपलं. डेपोत नव्या पोरांना शिकवताना बाबांचा पहिला धडा हाच असायचा, की गाडीवर खापर फोडायचं नाही. तो धडा त्यांनी स्वतःलाच देऊन टाकला. घरच्या खऱ्या गाडीच्या किल्ल्या माझ्या खिळ्याला अडकवल्या आणि आपला हात संपला असं जाहीर केलं. आता मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. आधी शेजारी बसले की नसलेल्या ब्रेकवर पाय दाबायचे आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे (त्यातल्या सहा त्यांच्याही होत्या). हल्ली एक शब्द नाही. काल मी गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला चांगली घासली. बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. ताई, त्यांनी मला गाढव म्हणायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं.

असो. तर टीव्ही छान आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दमलेला भाऊ

ता. क. रविवारी समोरचे दाताचे डॉक्टर गाडी बघायला येणार आहेत. बाबांनी विकायला काढली आहे. तू त्याआधी ये. निमित्त काहीही सांग, टीव्ही बघायला आले म्हण. आल्यावर बाबांशी शर्यत खेळ आणि अजिबात दयामाया दाखवू नकोस. हे तुला सांगायची गरज नाही म्हणा. भातुकलीतसुद्धा तू कुणाला जिंकू दिलं नाहीस, हे बाबांना पक्कं माहीत आहे. म्हणूनच तू हवीस.

ता. क. २. मीच का खेळत नाही, असं तू विचारशील. खेळलो. गेम मोड सुरू झाल्यावर हातापाया पडून बाबांना बसवलं. लागोपाठ तिन्ही शर्यती त्यांनीच जिंकल्या, पूर्वीसारख्याच. मग कंट्रोलर खाली ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्यासाठी मुद्दाम हरत जाऊ नकोस रे." ताई, मी जीव तोडून खेळत होतो गं.