एका पावाचं पितळी टोकन

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीतूनच हात जोडतो. ताईचा गुडघा कसा आहे? (मलम लावलं का हे तिला विचारू नका, नळी दाबून बघा. ती विचारल्यावर ‘लावलं’च म्हणते.) तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. हे पत्र वाचूनही ती तशीच राहो.

तर आपल्या टोकनांविषयी. युद्धाच्या दिवसांत सुटे पैसे बाजारातून गायब झाले आणि दुकानदारांनी आपापली टोकनं पाडली, हे आपण दोघं बोलायला लागलो की घरची माणसं उठून जातात, म्हणून लांबण लावत नाही. परवा मला अवदसा आठवली आणि त्या जुन्या बेकरीचं ‘एक पाव’ छापलेलं टोकन (एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे, तिसरं कुणी पाहिलेलं नाही) घेऊन मी थेट त्याच बेकरीत गेलो. आता तिथे नातू बसतो. टोकन कुठल्या साली पाडलं, एवढंच विचारायचं होतं. हातात धरून दाखवायचं सोडून मी शहाण्याने ते काउंटरवर ठेवलं. त्याने ते उचललं, आजोबांच्या फोटोकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यावर हातोडा घातला. त्या दुकानाची रीतच तशी म्हणे: परत आलेलं टोकन तिथल्या तिथे ठोकून सपाट करायचं, म्हणजे ते पुन्हा बाहेर जात नाही. मग दोन्ही हातांनी त्याने मला एक गरम पाव दिला.

मी ओरडणार होतो, खरंच. पण त्याचे डोळे भरले होते. दोन टोकनं परत आलीच नाहीत, दोघांचा पाव आपल्याकडे राहिला, ही टोचणी आजोबांना शेवटपर्यंत होती म्हणे. अशा माणसाला साल काय विचारणार, कपाळ? ‘यायला जरा उशीर झाला’ म्हणालो आणि घरी आलो. हिने तो पाव चहाबरोबर खाल्ला आणि माझ्या संग्रहातली पहिली उपयोगी वस्तू म्हणून वाखाणला. मला फार वाईट वाटलं, भावोजी. झोप मात्र छान लागली.

तुमचा मेहुणा

ता. क. दुसरं टोकन कुणाकडे आहे, असं त्याने विचारलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्ही जाणताच.

आणखी एक ता. क. तो रविवारी तुमच्याकडे येतो आहे. पाव आणेल, हातोडाही. टोकन लपवायचं तर खुशाल लपवा. पण दार ताईला उघडायला लावू नका. तुम्हीच उघडा, आणि त्याच्या तोंडाकडे बघून ‘हरवलं’ म्हणून दाखवा.