बिनकडीची दारं

१४ मार्च, दुपार

चिमणे,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात चांगल्या बातमीने करावी, असं कॉन्व्हेंटमधल्या आपल्या सिस्टर म्हणायच्या. तेव्हा ऐक: बाबांचा खोकला थांबलाय, जेवण बरं आहे आणि कुंडीतल्या गुलाबाला कळी आलीय.

तुझ्या लेकालाही, बाबांना आलं होतं तसंच, राखीव नौदलातून युद्धावर बोलावणं आलं. जाण्याआधी युनिफॉर्म घालून यायचं आणि आजोबांच्या हातून त्यांचं शौर्यपदक घेऊन बघायचं, ही त्याची हौस मला कळते. पण रविवारी त्याला पाठवू नकोस.

का, ते सांगायला घेते आणि भलतंच आठवतं. आपल्या घरात एकाही दाराला बाबांनी कडी लावू दिली नाही. न्हाणीघरात गेलं की गाणं म्हणायचं, म्हणजे आत कोणीतरी आहे हे कळे. तुझं गाणं ऐकून आई म्हणायची, "यापेक्षा कडी परवडली गं बाई!" बाबा तेवढे हसायचे नाहीत.

परवा मी आंघोळीला गेले. गाणं म्हटलं नाही. या वयात कसलं गाणं. बाबांनी बाहेरून दार लोटलं आणि पाठ लावून उभे राहिले. मी ठोकलं. जितकं ठोकावं तितकं दार घट्ट. मग त्यांचा आवाज आला, "ठोकू नकोस रे छोट्या. पाणी वर येतंय. उघडलं तर सगळेच जातील."

छोट्या म्हणजे आपला काका. हट्टाने बाबांच्याच जहाजावर गेलेला. डेकवरून समुद्रात पडला, असंच आपल्याला सांगितलं होतं ना? आणि बाबांना पदक मिळालं ते जहाज बुडू न दिल्याबद्दल.

भीतीने माझा हात थांबला. बाहेर बाबा हळूच म्हणाले, "झालं. गप्प झाला." मग दाराशीच बसून लहान मुलासारखे रडले.

आज सकाळपासून ते पदक मुठीत घेऊन पुढच्या दाराशी बसलेत. सारखं विचारतात, "छोट्या कधी येतोय?" तुझा लेक किती काकावर गेलाय, हे मी तुला सांगायला नको. चालणं, हसणं, सगळं तेच.

पाठवू नकोस. तो ऐकायचा नाहीच म्हणा. आपल्या घरातली माणसं कधी कुणाचं ऐकतात? निघालाच, तर सांग त्याला, फाटकापासूनच मोठ्याने गाणं म्हणत ये. दार मात्र ठोकू नकोस.

तुझी,
दार उघडं धरून बसलेली
ताई