कॉक बंद केल्यावर

अण्णा,

तुमचा जनरेटर धापा टाकायला लागला होता. तुम्ही असतात तर ‘पेट्रोल कधीचं होतं?’ हे आधी विचारलं असतंत आणि मी कशी आहे ते मागाहून, म्हणून आधी तेच सांगते. गेल्या पावसाळ्याआधी आणलेलं होतं, टाकीत तसंच राहिलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी पाणी साचतं. तुमच्या वेळी पेट्रोल शिळं व्हायचं, आता सरळ नासतं. घातलं मीच, विसरलेही मीच. घरात दुसरं आहे कोण? आई पुढच्या खोलीत पलंगावर असते, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि ते ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. हेब्बाळच्या आपल्या गल्लीत लाईट गेली की इन्व्हर्टर थोड्याच वेळात मान टाकतो. त्यापुढे आईचा श्वास तुमच्या जनरेटरवर असतो.

दुकानातली ती दुपार तुम्हाला आठवते का? लग्नमांडवांना भाड्यानं दिलेले जनरेटर परत आलेत, तुम्ही एकेक चालू करून बघताय, आणि मला अभ्यास करायचाय. आवाज नको म्हणून मी उठते आणि एकाचा स्विच खटकन बंद करते. तुम्ही एरवी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. ‘गळा दाबून मारलास की ग त्याला! कॉक बंद कर. आत आहे तेवढं पिऊ दे, मग आपण होऊन झोपतो तो. सरी? कळलं ना?’ कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं, बारीक भोकं बुजतात, हे तुम्ही मला मागाहून समजावलंत. मग माझा हात धरून पुढच्या जनरेटरचा पेट्रोलचा कॉक फिरवलात. तो थोडा वेळ काही झालंच नाही असा चालला. नंतर अडखळला, चढला, उतरला, पुन्हा चढला, एकदा जोरात उसळला आणि गप्प झाला. ‘शेवटचा घोट,’ तुम्ही म्हणालात. डबा घेऊन आलेली आई त्या उसळीला दचकली आणि तुम्ही तिला हसलात. तुम्ही तिला फार हसायचात, मला ते तेव्हाही आवडायचं नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी लाईट गेली. मी मागच्या अंगणात जाऊन जनरेटरची दोरी ओढली. तो लागला, पण नीट चालेना. चढायचा, उतरायचा, मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा चढायचा. तो शेवटचा घोटच, पण संपत नसलेला. अण्णा, तुमच्या आजारपणातल्या शेवटच्या दिवसांत तुमचा श्वास अगदी असाच चालायचा. मी ते मनातून झटकलं आणि आत आले, तर आई उशीवर मान वळवून म्हणाली, ‘हे आलेत.’

‘आई, जनरेटर आहे तो.’

‘तेच की. पाइप बघ म्हणतायत. ओला झालाय म्हणे.’

तिची समजूत काढायची म्हणून मी पुन्हा मागे गेले. टाकीपासून कार्बोरेटरकडे येणारा रबरी पाइप चिरला होता. पेट्रोल थेंब थेंब गळत होतं आणि खालचं इंजिन तापलेलं होतं. मी जनरेटर बंद केला, आईला अडीअडचणीला ठेवलेल्या ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर घेतलं. तिला पलंगावरून अंगण दिसत नाही. नाकात नळी असल्यापासून तिला उदबत्तीचासुद्धा वास येत नाही. घरूनच ऑफिसचं काम करताना मी दिवसभर लोकांच्या चुकांची कारणं शोधत असते, पण याचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

मेकॅनिकनं टाकी बाटलीत ओतून उजेडात धरली. ‘अक्का, स्वल्प पेट्रोल, बाकी सगळं पाणी,’ तो म्हणाला. त्यानं पाइप बदलला, कार्बोरेटर धुतला, नवं पेट्रोल घातलं. जनरेटर एका सुरात चालायला लागला. पण पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा आई चादर मुठीत धरून दाराकडे बघत राहिली.

‘बाहेर कोण आलंय?’

‘कोणी नाही ग. जनरेटर.’

‘नव्हे. हे दुसरंच कोणीतरी आहे.’

लाईट येईपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. मी तुमच्या शिस्तीप्रमाणे कॉक बंद केला. जनरेटर थोडा वेळ सरळ चालला, मग अडखळला, चढला, उतरला. मी आत आले तर आईची मूठ सुटली होती. ‘जाता जाता येऊन गेले,’ ती म्हणाली आणि झोपली. मला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त हेवा वाटला, कारण तुम्ही तिच्याशी बोलता आणि माझ्याशी नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी जनरेटर चालू करते. लाईट असते तरीही. आईला सांगते, मशीन तपासून ठेवायला हवं. ताजं पेट्रोल जरासंच घालते, थोडा वेळ चालू देते आणि कॉक बंद करून शेजारी पायरीवर बसते. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचं मनगट धरून अशीच बसले होते. श्वास एकदा मोठा वर आला आणि मी पुढच्याची वाट बघत राहिले. तिथं फिरवायला माझ्या हाताशी काहीच नव्हतं.

आज ती उसळी आली आणि मी कॉक पुन्हा उघडला. जनरेटर आता गेलाच असं वाटलं, पण अडखळत सावरला. मी पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. असं कितीदा केलं कोण जाणे. मग आतून आईचा आवाज आला, ‘सोड ग त्यांना आता. थकलेत.’

मी ‘हो’ म्हटलं.

हे पत्र कुठं धाडायचं ते मला ठाऊक नाही आणि धाडणारही नाही. गल्लीतले सगळे दिवे लागलेत, आईचं मशीन घरच्या विजेवर चाललंय. जनरेटर अजून चालूच आहे, टाकीत पेट्रोल फार उरलेलं नाही. मी एका हातानं लिहितेय अण्णा, दुसरा अजून कॉकवरच आहे.